पाहिलेले पक्षी, ऐकलेले पक्षी

गेल्या महिन्यात या सदराची जागा दुसऱ्या मजकुराने भरून काढावी लागली, याबद्दल संपादकांची व वाचकांची क्षमा मागणे प्राप्त आहे. माझी प्रकृती ठीक आहे. ज्या वाचकांनी पत्रे टाकून चौकशी केली त्यांचा मी ऋणी आहे. खरे कारण असे की, उतारवयात आम्हा उभयतांस देशाटनाचा योग आला. चिरंजीवांनी पौष महिन्यात नगराहून (सरकारदरबारी आता अहिल्यानगर, पण आमच्या जिभेवर अद्याप नगरच बसले आहे) थेट जैसलमेरपर्यंत मोटारीने जाण्याचा बेत केला. जाऊन येऊन तीन हजार किलोमीटरांवर रस्ता! इतका खटाटोप कशासाठी, आगगाडी काय वाईट, असे मी विचारले तेव्हा उत्तर अकरा वर्षांच्या नातीने दिले. ती म्हणाली, “आजोबा, आगगाडी पक्ष्यासाठी थांबत नाही.”

या उत्तरावर बोलण्यासारखे काही उरले नाही. बरोबर धाकट्या बंधूंचा नातू होता, वय चौदा. एका वाड्यात वाढलेली ही दोन मुले गेली दोन वर्षे पक्ष्यांच्या नादी लागली आहेत. दोघांत मिळून एक दुर्बीण आणि प्रत्येकाची स्वतंत्र वही. वहीत रकाने आखून देण्याचे काम मात्र मी हट्टाने माझ्याकडे घेतले: अनुक्रम, नाव, स्थळ, वेळ आणि शेरा. चाळीस वर्षे हजेरीपट आखलेल्या हाताला एवढा मान असावा. आमच्या कुटुंबाने दशम्या, तिळाचे लाडू व शेंगदाण्याची चटणी यांचे डबे भरले, आणि ‘पक्षी बघायला एवढे लांब जातात, अंगणातल्या चिमण्यांना कोण दाणे घालणार’ हा प्रश्न निघेपर्यंत पाच वेळा विचारला.

प्रवासाचे प्रयोजन एकच पक्षी होता, माळढोक. वाचकांपैकी जे आमच्या जिल्ह्यातील आहेत त्यांस यातील विपरीतपणा सांगावा लागणार नाही. कर्जत-श्रीगोंद्याच्या माळांसह सोलापूर व नगर या दोन जिल्ह्यांत मिळून सन १९७९ मध्ये याच पक्ष्याच्या नावे अभयारण्य झाले. विस्तार केवढा, तर सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटर! त्यात गावे आली, शेते आली, रस्ते आले. माणसाला विहीर खणणे अवघड झाले आणि पक्ष्यालाही त्याचा फारसा लाभ झाला नाही. सुमारे बारा-तेरा वर्षांपूर्वी ते क्षेत्र आक्रसून बाराशे बावीस चौरस किलोमीटरांवर आले. कागदावरील सीमारेषा वाढली काय आणि घटली काय, माळ नांगरला गेला की माळढोकास उभे राहण्यास जागा उरत नाही. हा पक्षी झाडावर बसत नाही. गवतात उघड्यावर, बहुधा एकच अंडे घालतो. ज्याच्या नावाने आमच्या तालुक्यांत पाट्या लागल्या तो पक्षी आमच्या मुलांस दाखविण्यासाठी परराज्यातील वाळवंट गाठावे लागले.

मोटार नगरच्या वेशीबाहेर पडते न पडते तोच मोठ्या मुलाने जाहीर केले की, या प्रवासात शंभर नवे पक्षी झालेच पाहिजेत. ‘नवा पक्षी’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत व त्यांची गल्लत होऊ नये म्हणून मी लगेच मास्तरकीस प्रारंभ केला. एक अर्थ शास्त्रज्ञांचा. जो आजवर कोणत्याही ग्रंथात वर्णिला गेलेला नाही तो नवा. कंपनी सरकारच्या अमदानीत कर्नल साइक्स नावाचा गृहस्थ पुणे, अहमदनगर, खानदेश व धारवाड या चार जिल्ह्यांची लोकवस्ती, पिके, हवामान यांची टिपणे करीत हिंडत होता. त्याने १८३२ साली दख्खनच्या पक्ष्यांची यादी लंडनच्या प्राणिशास्त्रीय मंडळापुढे ठेवली. त्यांतील कित्येक पक्षी युरोपच्या शास्त्रास सर्वस्वी नवे होते. आमच्या माळरानावर डोक्यावरचा तुरा उभारून तुरुतुरु चालणारा एक तांबूस चंडोल इंग्रजीत आजही त्याच्याच नावाने ओळखतात. त्या चंडोलास आमचे धनगर साइक्सच्या आजोबांच्याही आधीपासून ओळखत होते, ही गोष्ट निराळी.

दुसरा अर्थ आपणा सामान्यांचा. जो मी यापूर्वी पाहिला नाही तो माझ्यापुरता नवा. या अर्थाने मनमाडच्या अलीकडेच दहा-बारा नवे पक्षी वहीत चढले. तारेवरचा नीळकंठ, हवेत एका जागी पंख फडफडवीत थांबणारी कापशी, बाभळीच्या काट्याला भक्ष्य टोचून ठेवणारा खाटीक. धुळ्यापुढे प्रकाशे येथे तापीच्या पात्रात लांब तांबड्या पायांचे शेकाटे आणि हळदीकुंकू बदके दिसली. चोचीच्या टोकाला हळद व मुळाशी कुंकू पाहून आमचे कुटुंब प्रथमच दुर्बीण मागून घेते झाले, व ती परत मिळविण्यास मुलांस बराच वेळ लागला.

या ओळख पटविण्याच्या रीतीत मला एक जुना स्नेही भेटला. तारुण्यात एका शास्त्रीबुवांपाशी न्यायशास्त्राचे चार धडे गिरवले होते. नैयायिक चार प्रमाणे मानतात: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. पैकी उपमानाचे त्यांचे ठरीव उदाहरण गवयाचे. ज्याने गवय कधी पाहिला नाही अशा नगरवासी माणसास अरण्यवासी सांगतो की, गवय हा गाईसारखा असतो. पुढे तो रानात जातो, गाईसारखा परंतु गाय नव्हे असा पशू दृष्टीस पडतो, ऐकलेले वाक्य आठवते आणि ‘हाच तो गवय’ असे ज्ञान होते. चार प्रमाणांत हे सर्वांत लंगडे, असे मला त्या वयात वाटे. जे प्रत्यक्षाने दिसते त्यासाठी निराळे प्रमाण कशाला? मोटारीत मांडीवर सलीम अलींचा पक्षिग्रंथ घेऊन बसल्यावर ती शंका फिटली. १८९६ साली मुंबईत जन्मलेल्या या थोर पक्षिज्ञाने १९४१ साली प्रसिद्ध केलेल्या त्या ग्रंथात प्रत्येक पक्ष्याचा आकार चिमणी, बुलबुल, मैना, कबूतर, घार अशा घरोब्याच्या पक्ष्यांशी ताडून सांगितला आहे. चिमणीपेक्षा किंचित मोठा, मैनेहून लहान! हे निव्वळ गवयाचे उदाहरण होय. ज्यास अंगणातील चिमणी नीट ठाऊक नाही त्यास वाळवंटातील चंडोल ओळखता येणार नाही. कुटुंबाच्या दाण्यांच्या प्रश्नाकडे मी त्यानंतर अधिक आदराने पाहू लागलो.

परंतु सादृश्य जितके उपयोगी तितकेच घातकी, याचा पडताळा शहाद्याहून तोरणमाळाकडे चढताना आला. हा रस्ता चिरंजीवांनी मुद्दाम वाकडी वाट करून धरला होता, कारण तो रानपिंगळ्याचा मुलूख. उन्हे कलली होती. सागाची पाने गळू लागली होती. एका उघड्या फांदीवर घुबडाच्या जातीचा लहानसा गोल पक्षी बसलेला दिसला, आणि मोठा मुलगा ओरडला, “रानपिंगळा!” अनुक्रम अठ्ठावन्न. मोटार थांबायच्या आत नाव वहीत चढले होते. आमचे कुटुंब शांतपणे दुर्बिणीतून पाहत म्हणाले, “अरे, याच्या डोक्यावर तर तीळ सांडल्यासारखे ठिपके आहेत. आपल्या पिंपळावर तिन्हीसांजेला ओरडतो तोच हा.” ग्रंथ उघडला. रानपिंगळ्याचे डोके जवळजवळ बिनठिपक्यांचे. साध्या पिंगळ्याचे ठिपक्यांनी भरलेले. नाव खोडावे लागले. मुलगा हिरमुसला व म्हणाला, “एवढ्याशा ठिपक्यांनी काय बिघडते, आजोबा? माझी वही कोण तपासणार आहे?”

मी त्या वेळी काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी तळोदे, अक्कलकुवे करीत गुजरातेत उतरताना डाव्या हातास, दक्षिणेकडे, तापीकाठचे मांडवी गाव राहते असे नकाशात दिसले, तेव्हा गोष्ट सांगितली. ती येथे थोडी विस्ताराने देतो, कारण आपल्या मराठी मुलखात घडलेली असूनही ती पुष्कळांस ठाऊक नाही.

रानपिंगळ्याचा पहिला नमुना १८७२ साली छत्तीसगडच्या बाजूस ब्लुइट नामक इंग्रज गृहस्थास मिळाला. पुढच्याच वर्षी त्याचे शास्त्रीय वर्णन ॲलन ह्यूम याने प्रसिद्ध केले; हाच ह्यूम पुढे राष्ट्रीय सभेच्या संस्थापकांत गणला गेला. त्यानंतर खानदेशात डेव्हिडसन नावाच्या सनदी अधिकाऱ्यास आणखी काही पक्षी मिळाले. १८८४ नंतर मात्र हा पक्षी जणू पृथ्वीवरून उठून गेला. जगातील सर्व संग्रहालयांत मिळून त्याचे सात नमुने होते. त्यांपैकी एकाच्या पायाला बांधलेली चिठ्ठी इतरांहून पुष्कळ अलीकडची. सन १९१४, स्थळ मांडवी, आणि मिळविणाऱ्याचे नाव कर्नल रिचर्ड मायनर्ट्‌सहागेन.

हा कर्नल मोठा नावाजलेला पक्षिज्ञ. तेव्हा लोकांनी साहजिकच त्याच्या चिठ्ठीवर विश्वास ठेवला. १९७० नंतरच्या दशकात खुद्द सलीम अली व अमेरिकेचे डिलन रिप्ले यांनी रानपिंगळ्याचा शोध केला, तो व्यर्थ गेला. व्यर्थ जाणारच होता, कारण चिठ्ठी खोटी होती. पामेला रासमुसेन या अमेरिकन विदुषीने तो नमुना बारकाईने तपासला, तेव्हा तो डेव्हिडसनच्या हातचा असल्याच्या खुणा सापडल्या. कर्नलसाहेबांनी लंडनच्या संग्रहालयातून जुना पक्षी चोरला, त्यास नवे रूप दिले आणि आपल्या नावाची चिठ्ठी बांधली! असे एकच नव्हे, अनेक पक्षी त्याने केले होते, हे पुढे उघडकीस आले. रासमुसेनबाईंनी ती चिठ्ठी बाजूस सारली व खऱ्या चिठ्ठ्यांवरील स्थळे तेवढी घेऊन बेन किंग आणि डेव्हिड ॲबट या दोन सोबत्यांसह त्या हिंदुस्थानात आल्या. प्रथम पूर्वेकडील जुनी ठिकाणे धुंडाळली. काही दिसले नाही. मग अर्धा देश ओलांडून खानदेशात उतरल्या. २५ नोव्हेंबर १९९७ च्या सकाळी शहाद्याजवळच्या रानात किंग यांस उघड्या फांदीवर, भर उजेडात, बिनठिपक्यांच्या डोक्याचा पिंगळा बसलेला दिसला. एकशे तेरा वर्षांनी! पुढे मेळघाटात व इतरत्रही तो आढळला. पक्षी कोठे गेलाच नव्हता.

मुलगा बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होता. नंतर त्याने एवढेच विचारले, “पण आजोबा, त्या कर्नलला यातून मिळाले काय?”

मी म्हणालो, “यादीत एक पक्षी अधिक.”

हे उत्तर मी दिले खरे, पण ते देताना माझे मला बरे वाटले नाही. त्याचे कारण पुढे येईल.

गुजरातचा प्रवास त्वरेने झाला. खेडा जिल्ह्यात ओल्या शेतात सारसांचे जोडपे दिसले. आदिकवीच्या शोकास कारण झालेला क्रौंच तो हाच, असे पुष्कळ विद्वानांचे मत आहे. त्यावर माझे व्याख्यान सुरू होण्यापूर्वी चिरंजीवांनी गाडी सुरू केली. राजस्थानात फलोदीजवळ खिचन नावाचे गाव लागते. तेथे हिवाळ्यात मंगोलिया व मध्य आशियातून हजारो कांड्या करकोचे येतात, आणि गावकरी, विशेषतः जैन मंडळी, त्यांस रोज पहाटे दाणा घालतात. सबंध आकाश राखी रंगाच्या रांगांनी भरून गेले होते व त्यांच्या आवाजापुढे आमचे बोलणे आम्हांस ऐकू येईना. एक खंड ओलांडून आलेल्या या पाहुण्यांपुढे आमच्या तीन हजार किलोमीटरांची प्रौढी कसली! कुटुंबाने पदरच्या पैशाने ज्वारी विकत घेऊन दाण्यात भर घातली आणि अंगणातील चिमण्यांचा प्रश्न कायमचा सोडला. मुलाच्या वहीत हा नव्याण्णवावा पक्षी. हेच करकोचे पैठण-शेवगावकडे नाथसागराच्या काठीही हिवाळ्यात उतरतात, घरापासून दोन तासांच्या वाटेवर, हे मी त्यास सांगितले तेव्हा तो म्हणाला, “मग आपण तिथे आधी का नाही गेलो?” याला माझ्यापाशी उत्तर नव्हते.

त्या रात्री धर्मशाळेत मुले निजण्यापूर्वी मी त्यांस माझी स्वतःची हकीकत सांगितली. ती आजपर्यंत घरात कोणासही ठाऊक नव्हती.

सन १९८४ मध्ये मी कर्जत तालुक्यातील एका खेड्यात शिक्षक होतो. शाळेची वाट माळावरून जाई व मी सायकलने जात असे. श्रावणातील एका सकाळी वाटेपासून शंभर-दीडशे पावलांवर गवतात माळढोक उभा होता. मान पांढरीशुभ्र, माथा काळा, उंची वर्गातील पहिलीच्या पोराएवढी. मी सायकल धरून उभा राहिलो. तोही उभा राहिला. काही वेळाने तो संथ पावले टाकीत उताराआड गेला. शाळेत पोचल्यावर एका धनगराने सांगितले की, त्याने त्याच माळावर दुसराही पाहिला. मी रोजनिशीत लिहिले: ‘आज माळढोक दोन.’ महिनाभराने एक पक्षी-अभ्यासक तरुण गावात आला व विचारू लागला. मी म्हणालो, दोन. त्याने विचारले, आपण स्वतः पाहिले? मी म्हणालो, हो. त्याने ते लिहून घेतले. मास्तरांचा शब्द! त्याला दुसरा साक्षीदार शोधण्याची गरज वाटली नाही. त्याचे पुढे काय झाले, ते कोठे छापले गेले काय, हे मी कधी विचारले नाही. धनगर खोटे बोलला असे मला आजही वाटत नाही. पण त्याचे प्रत्यक्ष मी माझे म्हणून सांगितले. शब्दप्रमाणास प्रत्यक्षाचे कपडे घातले, असे शास्त्रीबुवा म्हणाले असते, आणि वर छडीही दिली असती.

नातीने विचारले, “पण एक तर खरा होता ना, आजोबा?” मी म्हटले, “एक खरा होता.” मुलगा काही बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी जैसलमेर गाठले. शहराच्या आसपास दृष्टी पोचेल तेथवर पवनचक्क्या व विजेच्या तारा. माळढोकाचे डोळे माथ्याच्या दोन्ही बाजूंस असल्याने समोरचे त्यास फार थोडे दिसते, आणि बारा-पंधरा किलोंचे धूड ऐन वेळी वळविता येत नाही. त्यामुळे तारेवर आदळून तो मरतो. या तारा जमिनीखालून न्याव्यात, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये दिला. पुढे २०२४ मध्ये तो सौम्य करून प्रश्न तज्ज्ञांच्या समितीकडे सोपविला. देशात मिळून हे पक्षी आता सुमारे दीडशे उरले असावेत असा अंदाज आहे. सम व रामदेवरा येथे अंडी उबवून पिले वाढविण्याचे प्रयत्न वनखात्याने चालविले आहेत व त्यांस यशही येत आहे.

परवाना काढून, बरोबर एक वनरक्षक घेऊन, आम्ही पहाटे गवताळ रानात गेलो. येथे त्या गवतास सेवण म्हणतात. थंडी अशी की कुटुंबाने दोन शाली गुंडाळल्या होत्या. तासभर काहीच नाही. मग वनरक्षकाने हात वर केला. दुर्बीण त्या क्षणी नातीच्या डोळ्यांस होती. ती कुजबुजली, “मान पांढरी… डोक्यावर काळी टोपी… बोकडाएवढा आहे, आजोबा, चालतोय…” मोठ्या मुलाने हात पुढे केला. तिने दुर्बीण लगेच दिली, त्यात तिची काही चूक नाही. पण तेवढ्यात पक्षी गवताच्या पुंजक्याआड झाला. मुलाने पाहिले, मी पाहिले, चिरंजीवांनी पाहिले. गवत हलत होते. आम्ही आणखी दोन तास उभे राहिलो.

परत येताना मोटारीत कोणी फारसे बोलत नव्हते. मुलाच्या मांडीवर वही उघडी होती व शंभर हा आकडा त्याने आधीच्याच रात्री घालून ठेवलेला मला दिसला. वनरक्षकाने पाहिला होता, बहिणीने पाहिला होता, पक्षी तेथे होता यात शंका नव्हती. त्याने माझ्याकडे पाहून विचारले, “आजोबा, तुम्हांला दिसला का?”

“नाही रे. मला गवत दिसले.”

त्याने आकडा खोडला. नाव, स्थळ, वेळ हे रकाने भरले आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिले: ‘ताईने पाहिला. मी पाहिला नाही.’ ती त्याच्याहून तीन वर्षांनी लहान आहे, पण माळढोकाच्या दिवसापासून तो तिला ताई म्हणतो.

घरी आल्यावर माळ्यावरच्या पेटीतून १९८४ ची रोजनिशी काढली. वाळवीने कडा खाल्ल्या आहेत, पण ते पान शाबूत आहे. ‘दोन’ या शब्दावर रेघ मारून वर ‘एक’ लिहिले, बाजूस आजची तिथी व सही घातली. जुनी शाई फिकी पडली असल्याने दुरुस्तीच आता ठळक दिसते. तो अभ्यासक आज कोठे असेल कोण जाणे. त्याच्या दृष्टीस हा अंक पडल्यास त्याने आपल्या टिपणात एवढा फरक करून घ्यावा, अशी विनंती आहे.

मुलाची यादी नव्याण्णवावर थांबली आहे. येत्या रविवारी शेवगावकडे नाथसागरावर जाण्याचे ठरले आहे. दशम्या होणार आहेत.